नवा स्टीम बॉयलर बसवल्यावर पाइप ठोके देतात? काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

बॉयलर बदलल्यानंतरच्या पहिल्या थंडीत खालीलपैकी एक-दोन गोष्टी घरात होत असतील, तर पुढे वाचा.

- भिंतीतून किंवा बेसमेंटच्या छतालगतच्या पाइपमधून हातोडी मारल्यासारखे ठोके येतात. जुना बॉयलर होता तेव्हा येत नव्हते.
- रेडिएटरच्या व्हेंटमधून थेंब पडतात, कधी पाण्याची पिचकारी उडते. खालच्या लाकडी फ्लोअरवर गंजाचे डाग पडलेत.
- बॉयलरच्या काचनळीतलं (पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं) पाणी उड्या मारतं. बर्नर चालू असताना ते दिसेनासं होतं आणि बंद झाल्यावर थोड्या वेळाने परत येतं.
- बर्नर मध्येच बंद पडतो, ऑटोमॅटिक फीडर पाणी भरतो आणि सकाळी बघावं तर काचनळी वरपर्यंत भरलेली.
- बॉयलरजवळच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, टोकाची बेडरूम गारच राहते.

न्यू जर्सीत जर्सी सिटी, ब्लूमफील्ड, मॉन्टक्लेअर अशा गावांमधली बरीच घरं १९३० च्या आधीची आहेत. तिथे घर घेतलेल्या आपल्या लोकांचे मला हिवाळाभर फोन येतात आणि तक्रार जवळजवळ एकच असते: "बॉयलर नवा कोरा, पैसे भरपूर मोजले, आणि आता रात्री झोप लागत नाही." बहुतेकांना कुणीतरी सांगितलेलं असतं की रेडिएटर जुने झालेत, स्टीम काढून टाका. माझं मत स्पष्ट आहे. जे पाइप आणि रेडिएटर शंभर वर्षं गुपचूप चालले, ते बॉयलर बदलला त्याच आठवड्यात बिघडत नाहीत. दोष शोधायचा तो नव्या कामात, म्हणजे बॉयलरच्या भोवतीच्या काही फूट पाइपमध्ये आणि बॉयलरमधल्या पाण्यात.

इथे मी एका पाइपच्या स्टीमबद्दल लिहितोय, कारण या घरांत बहुतेक तेच असतं: रेडिएटरला एकच पाइप, त्यातूनच वाफ वर जाते आणि तिचं झालेलं पाणी खाली येतं. दुसऱ्या टोकाला हवा सोडणारा छोटा व्हेंट असतो.

नव्या बॉयलरनेच हे का होतं

जुने बॉयलर अवाढव्य होते. आत पाणी भरपूर, आणि पाण्याच्या वर वाफेसाठी मोकळी जागाही भरपूर. वाफ सावकाश वर यायची आणि पाण्याचे थेंब आतच गळून पडायचे. नवे बॉयलर आटोपशीर असतात. कमी पाणी, कमी मोकळी जागा आणि अरुंद तोंडातून वेगाने निघणारी वाफ. हा वेग पाणी ओढून नेतो. ते पाणी वाफेपासून वेगळं करण्याचं काम आता बॉयलरवरच्या पाइपांनी करायचं असतं. म्हणून नव्या बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये पाइपिंगची आकृती दिलेली असते आणि ती पाळणं हा बॉयलरचाच भाग असतो. ती बाजूला ठेवून जुन्या पाइपांना जमेल तसं जोडून दिलं की ओली वाफ थेट मेनमध्ये (बेसमेंटमधून घराकडे वाफ नेणाऱ्या मोठ्या पाइपात) जाते. या ओल्या वाफेतलं पाणी पाइपात साठतं. त्यावरून जाणारी वाफ थंड पाण्याला लागून क्षणात आकसते (पाण्याची वाफ होताना आकारमान साधारण १७०० पट होतं, इथे त्याच्या उलट घडतं) आणि त्या पोकळीत पाण्याचा गोळा धावत जाऊन एल्बोवर आदळतो. तुम्हाला ऐकू येतो तो ठोका हाच.

आधी नुसतं ऐका

पैसे न लागणारी पहिली तपासणी म्हणजे ठोका कधी येतो ते टिपून ठेवणं. थर्मोस्टॅटने बॉयलर चालू केल्यावर, वाफ पाइपात शिरताना आवाज येत असेल तर कुठेतरी आधीचं पाणी साचून राहिलंय, म्हणजे उतार बिघडलाय. मध्येच, सगळं तापलेलं असताना ठोके येत असतील तर ओल्या वाफेचा संशय घ्या. बराच वेळ चालल्यावर शेवटी शेवटी किंवा बंद होताना बॉयलरच्या मागून आवाज आला, तर रिटर्नचा पाइप (पाणी बॉयलरकडे परत आणणारा) आणि तिथला हार्टफर्ड लूप (त्या पाइपची बॉयलरमागची जोडणी) बघायचा. हे एवढं लिहून ठेवलंत तर पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात, आणि प्लंबरला फोन केलात तर त्याचाही वेळ वाचतो.

दाब आणि पाण्याची पातळी

बॉयलरवर एका वळलेल्या नळीवर छोटी राखाडी पेटी असते, तो दाबाचा कंट्रोल. घरगुती स्टीमला दाब अगदी कमी लागतो. बर्नर ०.५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) चालू व्हावा आणि १.५ पीएसआयला बंद व्हावा, एवढं पुरतं. राखाडी पेटीत बाहेरची पट्टी ०.५ वर आणि आतलं पांढरं चाक (चालू आणि बंदमधला फरक) १ वर ठेवलं की नेहमीच्या प्रकारात हे जमतं. पट्टीवर आकडे कसे वाचायचे ते मात्र पेटीच्या प्रकाराप्रमाणे बदलतं, तेव्हा झाकणावरची सूचना वाचा. "वरच्या खोल्या तापत नाहीत" म्हणून दाब वाढवून ठेवलेला मी पुष्कळदा पाहतो. त्याने खोली लवकर तापत नाही. व्हेंट पिचकाऱ्या मारायला लागतात आणि गॅस जास्त जळतो.

पाण्याची पातळी बॉयलर गार असताना बघायची. ती मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खुणेवर, साधारण काचनळीच्या मधोमध हवी. पातळी फार वर असेल तर वाफेसाठी उरलेली जागा आणखी घटते आणि वाफ ओली होते. फीडर असलेल्या घरात पाणी आपोआप भरत राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. खरं तर पाणी कमी झालेलं नसतं, ते पाइपांत अडकलेलं असतं. फीडर नवं पाणी घालतो, नंतर अडकलेलं परत येतं आणि बॉयलर तुडुंब होतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काचनळीत पाणी अजिबात दिसत नाही आणि बॉयलर तापलेला आहे, अशा वेळी हाताने पाणी भरू नका. लाल प्लेटचा स्विच बंद करा (बहुतेक घरांत तो बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी असतो) आणि बॉयलर पूर्ण गार होऊ द्या. कोरड्या तापलेल्या बिडावर थंड पाणी पडलं तर ते तडकतं.

रेडिएटरचा व्हॉल्व्ह आणि उतार

एका पाइपच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद हवा. अर्धवट उघडा ठेवलात तर वाफ आत जाते, पण पाण्याला बाहेर यायला वाट उरत नाही. बॉयलरवाल्यांनी काम करताना व्हॉल्व्ह बंद केलेले असतात आणि नंतर अर्धेच उघडलेले राहतात, हे आधी बघून घ्या.

मग रेडिएटरवर स्पिरिट लेव्हल ठेवा. उतार व्हॉल्व्हच्या दिशेने हवा. नसेल तर दूरच्या पायांखाली चपट्या पट्ट्या सरकवा. खर्च जवळजवळ शून्य. बेसमेंटमधल्या मेनलाही हाच न्याय. वाफ आणि पाणी एकाच दिशेने जात असतील तर २० फुटांना किमान १ इंच उतार, आणि पाणी वाफेच्या उलट दिशेने परत येत असेल तर १० फुटांना १ इंच. नवा बॉयलर जोडताना जुना मेन खाली ओढला जातो किंवा हँगर काढून परत लावायचा राहतो. पाइपला तिथे पोट पडतं आणि त्यात पाणी साचतं. हँगर आवळून पोट निघालं तर ठीक. पाइपवर लोंबकळून किंवा पहारीने ताकद लावू नका, जुने सांधे सुटतात.

पाण्यावरचं तेल

या एका तपासणीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण नव्या बॉयलरच्या तक्रारींत हे कारण वारंवार निघतं आणि त्यावर खर्च फारसा नसतो.

पाइपांना आटे पाडताना कटिंग ऑइल वापरतात. सांध्यांना पाइप डोप (गळती थांबवणारी पेस्ट) लावतात. नव्या बिडाच्या आतही कारखान्यातलं तेल असतं. हे सगळं धुऊन बॉयलरमध्ये येतं आणि पाण्यावर तवंग धरतं. पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे त्या तवंगाखाली अडतात, पृष्ठभाग फेसाळतो आणि पाणी उसळून वर पाइपात जातं. काचनळीकडे पाहून हे ओळखता येतं. पाण्याच्या पातळीच्या वरचा काचेचा भाग कोरडा असायला हवा. तिथे थेंब ओघळत असतील, किंवा पातळी पाऊण इंचापेक्षा जास्त वरखाली होत असेल, तर तेलाचा संशय घ्यायचा.

खात्री करायची साधी रीत आहे. बॉयलर गार असताना काचनळीच्या खालच्या कॉकमधून थोडं पाणी काढा आणि स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पातेल्यात उकळा. नुसत्या पाण्यासारखं न उकळता फेस धरून वर आलं, तर पाणी खराब आहे. फेस नाही आला तरी तेल नाहीच असं समजू नका, कारण ते तरंगतं आणि नमुना खालून काढलेला असतो.

उपाय म्हणजे स्किमिंग, वरवरचा तवंग सावकाश काढून टाकणं. खालचा ड्रेन कितीही वेळा उघडला तरी याचा उपयोग नाही. पाणी खालून जातं आणि तेल तसंच खाली उतरून बिडाला चिकटतं. बॉयलरच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, स्किमिंगसाठी एक तोंड असतं. तिथे निपल (आखूड पाइप) आणि व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर काम तुम्ही करू शकता. नुसता कारखान्यातला प्लग असेल तर तो बसवणाऱ्याला काढायला लावा. अनेकदा तो इतका घट्ट असतो की नवखा माणूस पाना लावून काहीतरी मोडून ठेवतो.

पाणी चांगलं गरम करा, पण वाफ धरू देऊ नका. बर्नर बंद करा. स्किमिंगचा व्हॉल्व्ह उघडून खाली बादली ठेवा आणि भरायचा नळ अगदी थोडा उघडा. बाहेर पडणारी धार पेन्सिलीइतकी बारीक हवी. घाई करून धार मोठी केली तर पृष्ठभाग ढवळतो आणि तेल मागेच राहतं. पाणी भाजण्याइतकं गरम असतं, म्हणून हातमोजे घाला आणि मुलांना बेसमेंटमध्ये येऊ देऊ नका. मधे पाणी गार झालं की बर्नर थोडा वेळ चालवून पुन्हा गरम करायचं. यात दोन-तीन तास सहज जातात, आणि एकदा करून पुष्कळदा भागत नाही. पुढच्या काही आठवड्यांत वरच्या मजल्यांवरचं तेल धुऊन खाली येतं, तेव्हा पुन्हा करावं लागतं. संपल्यावर पातळी नेहमीच्या खुणेवर आणा आणि लगेच बॉयलर वाफ धरेपर्यंत चालवा. ताज्या पाण्यातला ऑक्सिजन उकळून बाहेर पडला नाही तर तो आतून गंज धरतो.

बाजारातली रसायनं अंदाजाने ओतू नका. प्रमाण जास्त झालं की त्यानेही फेस येतो.

मेनवरचे व्हेंट आणि पाइपांवरचं आच्छादन

बेसमेंटमध्ये मेनच्या टोकाला रेडिएटरवरच्या व्हेंटपेक्षा मोठा व्हेंट असतो. मेनमधली हवा तिथून झटकन निघाली पाहिजे. तो बंद पडला असेल किंवा बॉयलर बदलताना काढून तिथे प्लग ठोकला असेल, तर सगळी हवा रेडिएटरच्या चिमुकल्या व्हेंटमधून जाते आणि लांबच्या खोल्या गार राहतात. बॉयलर चालू झाल्यावर या व्हेंटजवळ टिश्यू पेपर धरा. हवेने हलला, आणि वाफ पोचल्यावर हलायचा थांबला, तर व्हेंट ठीक. हा बदलणं स्वस्त आहे आणि फरक लगेच कळतो.

आच्छादन काढलेल्या पाइपात वाफ वाटेतच पाणी होते. जुन्या घरांत पांढरं-राखाडी, प्लास्टरसारखं आच्छादन असतं, त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ते खरवडू नका, फाडू नका, झाडू मारू नका. ते काम लायसन्स असलेल्या लोकांचं. उघड्या पाइपांवर मात्र एक इंच जाडीचं फायबरग्लासचं आच्छादन घरच्या घरी चढवता येतं.

आता टेप घ्या आणि बॉयलरच्या वर बघा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर पाइपिंगकडे वळायचं. यात तुम्ही दुरुस्ती करायची नाही, फक्त मोजायचं आणि फोटो काढायचे. मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवा. मॅन्युअल दिलं नसेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर मिळतं.

बॉयलरमधून निघालेले उभे पाइप वर जाऊन ज्या आडव्या पाइपला मिळतात, तो हेडर. काचनळीच्या मध्यापासून हेडरपर्यंतची उंची मोजा. बहुतेक मॅन्युअल किमान २४ इंच मागतात. उंची कमी असेल तर पाण्याला गळून पडायला वाव मिळत नाही.

मग पाइपची जाडी बघा. आकृतीत ज्या मापाचे दोन उभे पाइप दाखवलेत तिथे एकच बारीक पाइप काढला असेल, तर वाफेचा वेग वाढतो आणि ती पाणी घेऊन जाते. तांब्याचे पाइप दिसले तर तेही लिहून ठेवा. तापल्यावर तांबं पोलादापेक्षा जास्त पसरतं आणि बॉयलरचे भाग ताणले जातात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जोडणीच्या क्रमाचा. हेडरवर आधी बॉयलरचे उभे पाइप यायला हवेत, त्यानंतर घराकडे जाणारे मेन, आणि शेवटी खाली उतरणारा इक्वलायझर. वाफ मेनमध्ये वर वळते आणि पाणी सरळ पुढे जाऊन इक्वलायझरमधून बॉयलरच्या तळाशी परत येतं. घराचा मेन बॉयलरच्या दोन उभ्या पाइपांच्या मधोमध काढला असेल तर दोन्हीकडून आलेलं पाणी तिथे आदळतं आणि वरच जातं. ही चूक मी सारखी पाहतो. जुना मेन नेमका बॉयलरच्या वर असतो आणि सरळ वर जोडून दिलं की काम लवकर आटपतं. एका टीच्या (T आकाराच्या जोडाच्या) बुडातून वाफ घालून दोन्ही बाजूंना दोन मेन काढले असतील, तरी तोच त्रास.

मागच्या बाजूला रिटर्न पाइप इक्वलायझरला जिथे जोडलाय तो हार्टफर्ड लूप. रिटर्न फुटला तरी बॉयलर रिकामा होऊ नये म्हणून १९१९ मध्ये हार्टफर्डच्या बॉयलर विमा कंपनीने ही जोडणी प्रचारात आणली. तो सांधा पाण्याच्या पातळीच्या साधारण २ ते ४ इंच खाली हवा आणि जोडणारा निपल आखूडात आखूड. लांब निपल असेल तर तिथे वाफ आणि पाणी भेटतात आणि बॉयलरच्या मागे ठोके बसतात.

शेवटची मोजणी पाण्याच्या पातळीची. नवे बॉयलर बुटके असतात. त्यामुळे जो रिटर्न पाइप जुन्या बॉयलरच्या वेळी पातळीच्या खाली, कायम पाण्याने भरलेला असायचा, तो आता पातळीच्या वर उघडा पडतो. मग एका मेनची वाफ रिटर्नमधून दुसऱ्या मेनच्या टोकाला पोचते. जमिनीपासून काचनळीच्या मध्यापर्यंत मोजा, मग भिंतीलगतच्या रिटर्नची उंची मोजा आणि तुलना करा. नव्या पातळीपासून मेनच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंत २८ इंच तरी असावेत. बॉयलरमधला दाब आणि मेनच्या टोकाचा दाब यांत जितका फरक, तितकं पाणी त्या उभ्या पाइपात चढतं, आणि १ पीएसआयला ते सुमारे २८ इंच भरतं.

बॉयलरच मोठा असेल तर

बर्नर दाबावर दर काही मिनिटांनी बंद-चालू होत असेल तर बॉयलर गरजेपेक्षा मोठा असू शकतो. स्टीम बॉयलर घराच्या चौरस फुटांवर ठरवत नाहीत, जोडलेल्या रेडिएटरवर ठरवतात. प्रत्येक रेडिएटरची उंची, सेक्शन (एकमेकांना जोडलेले उभे भाग) आणि एका सेक्शनमधले कॉलम (उभ्या नळ्या) मोजून तक्त्यावरून त्याचे उष्णता देण्याचे चौरस फूट काढायचे. एका चौरस फुटाला तासाला २४० बीटीयू (उष्णतेचं एकक). समजा एकूण ३५० चौरस फूट भरले, तर ८४,००० बीटीयू. ही संख्या बॉयलरच्या प्लेटवरच्या "नेट" आकड्याशी ताडून बघा. पाइपांसाठीची वाढ त्या नेट आकड्यात आधीच धरलेली असते, पुन्हा मिळवायची नाही. थोडा फरक चालतो. दुपटीच्या आसपास असेल तर बसवणाऱ्याने रेडिएटर मोजलेच नव्हते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गॅसचा वास आला, तर कुठलाही स्विच न लावता बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला किंवा ९११ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११. सेफ्टी व्हॉल्व्ह (तो १५ पीएसआयचा असतो) उडाला, बॉयलरच्या सेक्शनमधून पाणी झिरपायला लागलं, किंवा गार बॉयलरमध्ये पाणी भरूनही ते टिकत नसेल, तर लाल स्विच बंद करून लायसन्स असलेल्या हीटिंगवाल्याला बोलवा. दाबाचा काटा वर जातोय पण बर्नर बंद होत नाही, हेही याच यादीतलं. राखाडी पेटीखालची वळलेली नळी गाळाने बंद झाली असेल तर पेटीला दाब कळतच नाही.

पाइप कापणं, हेडर नव्याने बांधणं, हार्टफर्ड लूप हलवणं, बर्नरला हात लावणं, यातलं काहीही घरी करू नका.

आधी ज्याने बॉयलर बसवला त्यालाच फोन करा, पण भांडायला नको. मोजलेले आकडे, फोटो आणि मॅन्युअलचं पान मेलने पाठवा आणि एकच मागणी लिहा: "पाइपिंग आकृतीप्रमाणे करून द्या." बऱ्याच मॅन्युअलमध्ये चुकीच्या पाइपिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, तेव्हा हे लेखी हवंच. टाउनशिपचं परमिट काढलं होतं का आणि शेवटचं इन्स्पेक्शन झालं का तेही विचारा. झालं नसेल तर इन्स्पेक्टरला पाइपिंग दाखवता येतं. दुसरा माणूस शोधावा लागला तर त्याला दोन प्रश्न विचारा: "रेडिएटर मोजणार का?" आणि "काम झाल्यावर स्किमिंग कोण करणार?" पहिल्याला नाही म्हणाला तर पुढचा नंबर लावा. दुसरा प्रश्न एवढ्यासाठी, की नवा हेडर बांधला म्हणजे नवे आटे पडले आणि नवं तेल पाण्यात आलं. त्यामुळे पाइपिंग दुरुस्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात पातळी पुन्हा उड्या मारायला लागली तर घाबरू नका. स्किमिंगचा व्हॉल्व्ह बसवून घेतलेला असेल, तर वर सांगितलं तसं पेन्सिलीएवढ्या धारेने तवंग पुन्हा काढायचा.